चतुष्पाद कोणाला म्हणावे?

'चतुष्पाद' म्हणजे चार पायांचा, हा अर्थ आपणा सर्वांना ठाऊक आहे. गाय, बैल, शेळी, कुत्रा हे चतुष्पाद आणि माणूस द्विपाद, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु हाच शब्द जीवशास्त्राच्या पुस्तकात येतो तेव्हा त्याचा अर्थ निराळा असतो. तेथे माणूस चतुष्पाद आहे, चिमणी चतुष्पाद आहे, समुद्रातील देवमासा चतुष्पाद आहे. इतकेच नव्हे, तर एकही पाय नसलेला नागसुद्धा चतुष्पादच आहे. उलट कोकणच्या खाडीकाठी चिखलावर तुरुतुरु चालणारी निवटी मात्र चतुष्पाद नाही.

पाय नसलेला चतुष्पाद आणि चिखलावर चालणारी निवटी नाही, हे ऐकून पुष्कळ विद्यार्थी गोंधळतात व पाठांतराचा आश्रय घेतात. वास्तविक यात पाठ करण्यासारखे थोडे आणि समजून घेण्यासारखे पुष्कळ आहे. शास्त्रज्ञ प्राण्यांचे गट कशाच्या आधारे पाडतात, तो आधार काळानुसार कसा बदलला आणि आजही त्याविषयी मतभेद का आहेत, हे आम्ही या लेखात क्रमाने पाहणार आहोत.

१. रूपावरून गट

आधुनिक वर्गीकरणाचा पाया स्वीडनचे कार्ल लिनीअस यांनी घातला. इ. स. १७३५ साली त्यांच्या 'सिस्टेमा नॅचुरी' या ग्रंथाची पहिली आवृत्ती निघाली. त्यात प्राण्यांचे सहा वर्ग होते आणि पहिल्या वर्गाचे नाव 'चार पायांचे प्राणी' अशाच अर्थाचे होते. देवमासा तेव्हा माशांच्या वर्गात होता, कारण तो पाण्यात राहतो आणि त्याचा आकार माशासारखा असतो. पुढे १७५८ सालच्या दहाव्या आवृत्तीत लिनीअस यांनी 'चार पायांचे' हे नाव काढून 'सस्तन' हे नाव योजले आणि देवमाशाला माशांतून उचलून सस्तन वर्गात आणले. देवमासा फुप्फुसाने श्वास घेतो, पिलांना जन्म देतो आणि दूध पाजतो, ही लक्षणे बाह्य आकारापेक्षा महत्त्वाची मानली गेली.

आपल्या मराठी भाषेत मात्र तो 'मासा' तो 'मासा'च राहिला. भाषेतील नावे रूपावरून व राहणीवरून पडतात. ती व्यवहाराला सोयीची असतात, पण नात्याचा पुरावा म्हणून ती धरता येत नाहीत, एवढे येथे लक्षात ठेवावे.

२. सांगाडा काय सांगतो

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडचे शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी निरनिराळ्या प्राण्यांच्या हातापायांची तुलना केली. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १८४९ साली प्रसिद्ध झाला. माणसाचा हात, घोड्याचा पुढचा पाय, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचे वल्ह्यासारखे अंग ही बाहेरून अगदी वेगळी दिसतात व त्यांची कामेही वेगळी आहेत. पण आतील हाडांची मांडणी एकच आहे. खांद्याजवळ एक हाड, त्यापुढे दोन हाडे, त्यापुढे मनगटाची लहान लहान हाडे आणि शेवटी बोटे. आपण स्वतःचा दंड, कोपर व मनगट चाचपून पाहिले तरी हा क्रम हाताला लागतो.

ही समानता का असावी? ओवेन यांच्या मते तो एका आदर्श आराखड्याचा आविष्कार होता. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ साली 'ओरिजिन ऑफ स्पीसीज' या ग्रंथात अधिक साधे उत्तर दिले. हे सर्व प्राणी एकाच पूर्वजाचे वंशज आहेत. पूर्वजाच्या अंगी जी मांडणी होती ती वारशाने सर्वांकडे आली आणि ज्याच्या त्याच्या राहणीप्रमाणे तिच्यात फेरफार झाले. त्या ग्रंथात एकच आकृती आहे व ती फांद्या फुटत जाणाऱ्या वंशवृक्षाची आहे. वर्गीकरण म्हणजे वंशावळ असली पाहिजे, हा विचार तेथून रुजला.

३. गट पाडण्याचा नियम

विचार रुजला तरी नेमका नियम पुढे बऱ्याच काळाने आला. जर्मनीचे कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९५० साली आपल्या ग्रंथात तो मांडला. १९६६ साली इंग्रजी आवृत्ती निघाल्यावर त्याचा जगभर प्रसार झाला. नियम असा की, गट खरा तेव्हाच, जेव्हा त्यात एक पूर्वज आणि त्याचे सर्वच्या सर्व वंशज असतात. अशा गटाला आपण वंशशाखा म्हणू.

घरातील उदाहरण घेऊ. एका आजोबांची वंशावळ लिहावयाची आहे. त्यात सर्व मुले, मुली व नातवंडे आली पाहिजेत. एक नातू परदेशी जाऊन राहिला, त्याची भाषा व पोशाख बदलला, म्हणून त्याचे नाव वंशावळीतून गाळले तर ती वंशावळ अपुरी ठरेल. तसेच शेजारचा एखादा मुलगा चेहऱ्याने नातवासारखा दिसतो म्हणून त्याचे नाव घातले तर ती चुकीची ठरेल. वारसा हीच कसोटी. साम्य हे वारशाकडे नेणारा एक पुरावा, आणि तोही तपासून घ्यावयाचा.

हा नियम लावला की शाळेतील मासे, उभयचर, सरीसृप, पक्षी व सस्तन या पाच वर्गांपैकी दोन वर्ग अडचणीत येतात. पहिला 'सरीसृप' हा वर्ग. मगर आणि पाल आपण एका वर्गात घालतो व कोंबडीला वेगळ्या. परंतु जीवाश्म, सांगाडे आणि जनुके यांचा एकत्रित पुरावा असा आहे की, मगर ही पालीपेक्षा कोंबडीची जवळची नातलग आहे. मगरीचे हृदयसुद्धा पक्ष्यांप्रमाणे चार कप्प्यांचे असते. तेव्हा पक्ष्यांना बाहेर ठेवून 'सरीसृप' ही वंशशाखा पुरी होत नाही.

दुसरा वर्ग 'मासे'. आफ्रिका, दक्षिण अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथे मिळून फुप्फुसमाशांच्या सहा जाती आज हयात आहेत. त्यांच्या परांच्या बुडाशी मांसल दांडा व त्यात हाडे असतात. १९३८ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाळ्यात सापडलेला सीलाकँथ हा मासाही त्याच प्रकारचा. हा गट कोट्यवधी वर्षांपूर्वी नष्ट झाला असे तोवर मानले जात होते. २०१३ साली सीलाकँथच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि हयात माशांपैकी चतुष्पादांना सर्वांत जवळचा फुप्फुसमासा आहे, या मताला बळकटी मिळाली. याचा अर्थ, फुप्फुसमासा हा रोहूपेक्षा आपला अधिक जवळचा नातलग आहे. 'मासे' हा बाजारातील व बोलण्यातील शब्द म्हणून योग्यच आहे, पण ती वंशशाखा नव्हे.

४. पाय गेले तरी कूळ जात नाही

आता नागाच्या प्रश्नाकडे वळू. सापांचे पूर्वज पायांचे सरडेवर्गीय प्राणी होते. अर्जेंटिनात सापडलेल्या व २००६ साली वर्णन झालेल्या 'नाजाश' या प्राचीन सापाच्या जीवाश्मात मागचे पाय व कमरेचे हाड आढळले. आपल्याकडील अजगराच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंस नखासारखे दोन काटे असतात. ते मागच्या पायांचे अवशेष होत. २०१६ साली झालेल्या एका प्रयोगात, पायांच्या वाढीचे नियंत्रण करणारा जनुकीय तुकडा उंदरातून काढून त्या जागी सापातील तोच तुकडा बसविण्यात आला; त्या उंदरांचे पाय खुंटले. म्हणजे सापात तो तुकडा आहे, पण बिघडलेला आहे. पाय होते आणि गेले, याची नोंद सापाच्या पेशीपेशीत आहे.

देवमाशाच्या मागच्या पायांची गोष्ट अशीच. त्याच्या शरीरात कमरेच्या हाडांचे अवशेष आजही असतात. जमिनीवरून समुद्राकडे झालेल्या त्याच्या प्रवासाचा एक महत्त्वाचा दुवा आपल्याच देशात मिळाला. जम्मू-काश्मीरमधील कालाकोट भागातून भारतीय भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जमविलेल्या खडकांत 'इंडोह्यूस' या लहान खुरधारी प्राण्याचे अवशेष होते आणि २००७ साली तो देवमाशांच्या पूर्वजांचा निकटचा नातलग असल्याचे दाखविण्यात आले.

तिसरे उदाहरण सह्याद्रीतील आहे. पावसाळ्यात ओल्या मातीत, दगडाखाली किंवा पालापाचोळ्यात गांडुळासारखा दिसणारा, अंगावर वळ्या असलेला एक प्राणी सापडतो. त्याला देवगांडूळ म्हणतात. गांडुळाला कणा नसतो. देवगांडुळाला कणा आहे, कवटी आहे, जबडे आहेत व दात आहेत. तो बेडकाचा नातलग, म्हणजे पाय नसलेला उभयचर आहे. खंडाळ्याच्या नमुन्यांवरून 'इंडोटायफ्लस' ही प्रजाती १९६० साली शास्त्राला ज्ञात झाली. दक्षिण महाराष्ट्रातून 'गेजेनिओफिस डॅनिएली' ही जाती २००३ साली नोंदली गेली. हा प्राणी बिनविषारी असून माणसाला त्यापासून कोणताही धोका नाही. तरीही साप समजून त्याला ठेचले जाते. नाव चुकले की वागणूकही चुकते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

निवटीचे उदाहरण नेमके उलटे आहे. ती पुढच्या परांवर रेटा देत चिखलावर चालते, पाण्याबाहेर बराच वेळ राहते. पण तिच्या परांत दंडाचे हाड, पुढची दोन हाडे व बोटे ही मांडणी नाही. ती रोहू, बांगडा यांच्या मोठ्या शाखेतील मासा आहे व जमिनीवर येण्याची युक्ती तिच्या कुळाने स्वतंत्रपणे साधली आहे.

५. व्याख्येचा वाद

सर्व हयात प्राण्यांपुरते पाहिले तर येथवर शास्त्रज्ञांत मतभेद नाहीत. बेडूक, देवगांडूळ, कासव, साप, मगर, पक्षी व सस्तन हे सर्व चतुष्पाद आहेत. वाद सुरू होतो तो जीवाश्मांपाशी. मासा कोठे संपला आणि चतुष्पाद कोठे सुरू झाला?

पूर्व ग्रीनलंडमधील सुमारे ३६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत 'इक्थिओस्टेगा' व 'अकँथोस्टेगा' या प्राण्यांचे जीवाश्म सापडले. इक्थिओस्टेगाचे पहिले वर्णन स्वीडनचे गुन्नार सॅवे-सोडरबर्ग यांनी १९३२ साली केले. १९८७ साली इंग्लंडच्या जेनिफर क्लॅक यांनी तेथे मोहीम नेऊन अकँथोस्टेगाचे उत्तम नमुने मिळविले. १९९० साली मायकेल कोट्स व क्लॅक यांनी जाहीर केले की, अकँथोस्टेगाच्या हाताला आठ बोटे होती आणि इक्थिओस्टेगाच्या मागच्या पायाला सात. मूळ चतुष्पादाला पाच बोटे असतात, ही शंभर वर्षांहून जुनी समजूत एका जीवाश्माने मोडली. शिवाय अकँथोस्टेगाला माशासारखे कल्ले होते, शेपटीला पर होता आणि त्याचे पाय जमिनीवर अंग तोलण्याच्या कामाचे नव्हते. डबकी आटल्यामुळे मासे चालू लागले व मग त्यांना पाय आले, अशी कथा पूर्वी सांगितली जाई. पुराव्याने क्रम उलटा दाखविला. बोटे असलेले पाय प्रथम पाण्यातच आले. जमिनीवर चालणे नंतरचे.

त्यानंतर २००४ साली कॅनडाच्या उत्तर टोकाकडील एल्समियर बेटावर 'टिक्टालिक' सापडला व २००६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या या प्राण्याला खवले व पर होते, पण मान मोकळी होती आणि पराच्या आत मनगटासारखा सांधा होता. २०१० साली पोलंडमधील झाखेल्मिए येथील सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकातील पाऊलखुणांचे वर्णन आले. त्या टिक्टालिकपेक्षाही जुन्या आहेत. त्या खरोखर चतुष्पादाच्या आहेत काय यावर मात्र एकमत नाही. २०२० साली कॅनडातीलच 'एल्पिस्टोस्टेगे' या माशाच्या पराच्या आत बोटांची हाडे असल्याचे दाखविण्यात आले. बाहेरून पर, आतून बोटे!

अशा स्थितीत रेषा कोठे ओढावी? आज तीन मते प्रचलित आहेत.

पहिले मत लक्षणावर आधारलेले आहे. ज्याला पराऐवजी बोटे असलेले हातपाय आले तो प्राणी आणि त्याचे सर्व वंशज म्हणजे चतुष्पाद. हे मत समजण्यास सोपे आहे. अडचण अशी की, एल्पिस्टोस्टेगेसारखा प्राणी मिळाला की 'बोट' कशाला म्हणावे हाच प्रश्न पडतो.

दुसरे मत हयात प्राण्यांवर आधारलेले आहे. आज जिवंत असलेले उभयचर व इतर सर्व चतुष्पाद यांचा जो सर्वांत अलीकडचा समान पूर्वज, तो आणि त्याचे सर्व वंशज म्हणजे चतुष्पाद. अमेरिकेचे जॅक गॉथिए व त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस हा मार्ग पुढे आणला. वंशशाखांच्या नामकरणाची 'फायलोकोड' ही नियमावली २०२० साली ग्रंथरूपाने निघाली, तेव्हा तिच्या जोडग्रंथातही चतुष्पादांची व्याख्या याच पद्धतीने देण्यात आली. या व्याख्येने गंमत अशी होते की, चार पाय असूनही अकँथोस्टेगा चतुष्पाद ठरत नाही, कारण तो त्या समान पूर्वजाच्या आधीच फुटलेल्या फांदीवरचा आहे. आणि पाय नसूनही नाग चतुष्पाद ठरतो.

तिसरे मत सर्वांत व्यापक आहे. फुप्फुसमाशापेक्षा आपल्याला जवळचे असलेले सर्व प्राणी चतुष्पादांच्या शाखेत धरावेत, असे ते सांगते. मग टिक्टालिकसुद्धा आत येतो.

यांपैकी खरे मत कोणते, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. कोणाचे कोणाशी नाते आहे हा सत्याचा प्रश्न आहे व तो जीवाश्म आणि जनुके यांच्या पुराव्यानेच सुटतो. त्या वंशवृक्षावरील कोणत्या गाठीला कोणते नाव द्यावे हा मात्र कराराचा प्रश्न आहे. तिन्ही मतांच्या शास्त्रज्ञांपुढे वंशवृक्ष जवळजवळ एकच आहे. नावाची चिठ्ठी ते वेगवेगळ्या ठिकाणी लावतात. म्हणूनच एखादे पुस्तक वाचताना लेखकाने कोणती व्याख्या घेतली आहे हे आधी पाहावे.

६. आजची मांडणी

हयात चतुष्पादांच्या दोन मुख्य शाखा आहेत. पहिली उभयचरांची. तिच्यात बेडूक, सॅलमँडर व देवगांडूळ असे तीन गट असून जाती ८ हजारांहून अधिक आहेत. दुसरी शाखा उल्बधारी प्राण्यांची. भ्रूणाभोवती जी पाण्याची पिशवी असते तिला उल्ब म्हणतात. या पिशवीमुळे अंडी घालण्यासाठी तळ्याकाठी जाण्याची गरज उरली नाही आणि कोरड्या जमिनीवर पसरणे शक्य झाले. आईच्या पोटात आपणही अशाच पिशवीत वाढलो आहोत.

उल्बधारींच्या पुन्हा दोन शाखा होतात. एकीत सस्तन प्राणी, सुमारे साडेसहा हजार जाती. दुसरीत पाल, सरडे, साप, कासवे, मगरी आणि त्यांच्यासमवेत पक्षी. यांत पक्ष्यांच्या जाती ११ हजारांच्या आसपास व उरलेल्यांच्या १२ हजारांच्या आसपास आहेत. नव्या जाती दरवर्षी सापडत असल्याने हे आकडे वाढत राहतात. २०२५ साली ऑस्ट्रेलियातून सुमारे ३५.५ कोटी वर्षांपूर्वीच्या नखे असलेल्या पाऊलखुणांचे वर्णन आले. त्या उल्बधारी प्राण्याच्या असल्याचे संशोधकांचे म्हणणे आहे. ते टिकले तर या शाखा आपण समजत होतो त्याहून कितीतरी आधी फुटल्या, असे मानावे लागेल.

७. शिडी नव्हे, झाड

जुन्या पुस्तकांत मासा खाली, त्यावर बेडूक, त्यावर पाल आणि सर्वांत वर माणूस, अशी शिडी काढलेली असे. 'नीच प्राणी' व 'उच्च प्राणी' हे शब्दही सर्रास वापरले जात. वंशवृक्षाचा अभ्यास केल्यावर ही शिडी टिकत नाही. बेडूक हा माणसाचा पूर्वज नव्हे. दोघांचा पूर्वज एक होता आणि त्याच्यापासून बेडकाचे व माणसाचे कूळ सारख्याच काळाचा प्रवास करून आजवर आलेले आहे. झाडाच्या प्रत्येक हयात फांदीचे टोक आजच्याच दिवसाला येऊन टेकते. त्यात कोणी वरच्या पायरीवर जन्मलेला नाही आणि कोणी खालच्या. शिडी निसर्गात नव्हती. ती पाहणाऱ्यांनी आपल्या मनातून तेथे नेऊन ठेवली होती.

हे ज्ञान परीक्षेपुरते नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती नष्ट होण्याच्या धोक्यात आहेत. ज्या प्राण्याचे कूळ आपल्याला ठाऊक नाही त्याचे रक्षण आपण करू शकत नाही. त्याच वर्षी एन.सी.ई.आर.टी.च्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला, तेव्हा देशातील १,८०० हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक व विज्ञानप्रेमी नागरिकांनी जाहीर पत्राद्वारे आक्षेप घेतला. दहावीनंतर विज्ञान सोडणारी मुलेमुली पुष्कळ असतात. त्यांच्या हाती हा विषय शाळेतून आला नाही तर तो घरातून, वाचनालयातून व अभ्यासवर्गातून द्यावा लागेल. ज्यांना शिकता आले त्यांच्यावर ही जबाबदारी अधिक आहे, असे आम्हास वाटते.

विद्यार्थी मित्रांनी कोणत्याही व्याख्येला तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. ती कोणी केली? कोणत्या पुराव्यावर केली? आणि कोणता नवा पुरावा मिळाल्यास ती बदलावी लागेल? आठ बोटांच्या एका हाताने शंभर वर्षांची समजूत बदलली, आणि ती बदलण्यास शास्त्रज्ञांनी कमीपणा मानला नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. नाग चतुष्पाद आहे, पण निवटी नाही. कारणे आपल्या शब्दांत लिहा.

२. वटवाघूळ व कबूतर दोघेही उडतात. ते एकमेकांचे जवळचे नातलग आहेत काय? दोघांच्या पंखांतील हाडांची आकृती काढून उत्तर द्या.

३. वर दिलेल्या तीन व्याख्यांपैकी प्रत्येकीनुसार टिक्टालिक, अकँथोस्टेगा व बेडूक यांपैकी कोण चतुष्पाद ठरतो, याचा तक्ता तयार करा.

४. आपल्या गावच्या किंवा वस्तीच्या परिसरात दिसणाऱ्या दहा चतुष्पादांची यादी करा व प्रत्येकाची शाखा लिहा. यादीत स्वतःचे नाव घालण्यास विसरू नका.